शेजपाळी : मुखाचा डाव आणि शेपटाचा डाव

रात्री नऊला ताईच्या दुकानाचं शटर अर्धं खाली येतं आणि काउंटरच्या काचेवर माझा पट उलगडतो. नाशिकच्या बाजारपेठेत तिचं खेळण्यांचं दुकान सव्वीस वर्षांचं आहे. मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो. निवृत्तीनंतरची दोन वर्षं घरी बसून मी एक बोर्ड गेम केला. एक नदी, एक बंधारा, एक पाट आणि पाटावर चार शेतकरी. दर हंगामाला पावसाचा एक पत्ता उलटायचा, पत्त्यावर असतील तितके निळे मणी बंधाऱ्यात टाकायचे आणि ते चौघांत कसे जातात यावर सगळा डाव. फासा नाही. खेळाचं नाव 'शेजपाळी'. कालव्यावर नोकरी केलेल्या प्रत्येकाच्या तोंडी हा शब्द असतो : कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमाने पाणी मिळणार याची ठरलेली रीत.

गेले चार महिने आमचा एकच वाद चालू आहे. ताई म्हणते, खेळून पाहणं पुरे, आता विकायला काढ. मी म्हणतो, अजून नाही. परवा हा वाद साडेअकरापर्यंत चालला. आठवतो तसा लिहितो.

ताई : वहीत किती डाव झाले?

मी : एक्केचाळीस.

ताई : त्यातले किती डाव अशा माणसांनी खेळले, ज्यांना तू चहा पाजला नाहीस?

मी : सहा.

ताई : मग तुझे सहाच डाव झालेत.

मी : असं कसं? घरच्या डावांनीच मला सगळ्यात मोठा दोष दाखवला. सुरुवातीला नियम साधा होता. पाट बंधाऱ्यातून निघतो, म्हणून मुखाजवळचा शेतकरी आधी मणी उचलणार, मग दुसरा, मग तिसरा, आणि शेपटाकडच्याला उरेल ते. पहिल्या अकरा डावांत आठ वेळा मुखाचा जिंकला. तुझ्या धाकट्याने तर चौथ्या डावाला पट मांडायच्या आधीच मुखाची खुर्ची धरून ठेवली होती. खेळ कुठे बसायचं यावरच संपत असेल, तर पुढचा तासभर खेळायचं कशासाठी?

ताई : ते तू दुरुस्त केलंस ना?

मी : केलं, पण तीन चुका करून. आधी शेपटाच्या शेतकऱ्याला सुरुवातीलाच जास्त पैसे दिले. आकडे जुळले, पण खेळणाऱ्याचा चेहरा पडला. आपल्याला दान मिळालंय हे त्याला जाणवत होतं. मग दर हंगामाला जागा फिरवून पाहिल्या. त्याने सगळे सारखे झाले, पण कोणी पुढचा विचारच करेना. पुढच्या हंगामात मी दुसऱ्याच शेतात असणार, तर या शेतात उसाची लागण कशाला करायची? तिसऱ्यांदा मणी सारखे वाटले, तर खेळायला काही उरलंच नाही. मग एका रात्री लक्षात आलं की याचं उत्तर मी तीस वर्षं रोज हाताळत होतो. शेजपाळीत पाणी शेपटापासून द्यायला सुरुवात करतात आणि मुखाकडे येतात. आधी शेवटच्या शेताचं भिजवणं व्हायचं, मग त्याच्या वरच्याचं. कारण सरळ आहे. मुखाच्या माणसाला दारातून वाहणारं पाणी केव्हाही दिसतं, शेपटाच्या माणसाला ते सगळ्यांना ओलांडून यावं लागतं. म्हणून पहिला हक्क त्याचा.

ताई : आणि चोरी?

मी : तिथेच तर खेळ उभा राहिला! हक्क शेपटाकडे, पण पाणी मुखाच्या दारातून जाणार. मुखाच्याला रात्री दार उचकटता येतं. जागल्याचा पत्ता त्याच रात्री निघाला, तर दंड भरावा लागतो आणि पुढची पाळी जाते. आता प्रत्येक खुर्चीला आपलं बळ आहे आणि आपली भीती आहे. गेल्या पंधरा डावांत चारही जागांवरचे जिंकलेत. ताई, घाई केली असती तर मी तो दान देणारा खेळ छापून बसलो असतो.

(इथे वाचकांसाठी थोडं थांबतो, कारण हा नियम मी शोधून काढलेला नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत काही शतकं चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचं, आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. पाणी कमी पडलं की एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटा एकट्यावर न पडता सगळ्यांवर पडतो. पाणी पाजायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला गावाने द्यायचा. समतोल असलेला खेळ कसा रचावा, हे ज्यांना शिकायचं आहे त्यांनी या पद्धतीकडे जरूर पाहावं. यातला प्रत्येक नियम कोणाच्या तरी कोरड्या शेताने पारखून घेतलेला आहे.)

ताई : हे सगळं मला मान्य. पण तुझी माणसं संपली. भाचे, मेहुणे, खात्यातले मित्र, सोसायटीतले दोन डॉक्टर. त्यांना खेळ पाठ झालाय. ते आता 'शेजपाळी' खेळत नाहीत, तुझ्याशी खेळतात. तू डोळ्यांनी खूण केलीस की मुखाचा चोरी करत नाही. तुला खरा पारखणारा हवा असेल, तर तो पैसे देऊन पेटी घरी नेणारा माणूस. तो तुझं मन राखायला जात नाही.

मी : पण चुकीच्या पेटीला पैसे देणारा माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

ताई : पण पहिल्यांदा तरी येतो ना! तूच मला त्या बाईंची गोष्ट सांगितली होतीस, मोनोपॉलीवाल्या.

मी : एलिझाबेथ मॅगी. लिझी मॅगी म्हणत त्यांना. 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट त्यांना १९०४ साली मिळालं. जमिनीचं भाडं एका हातात साठत गेलं की बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना पटावर दिसावं म्हणून त्यांनी खेळ केला. हेन्री जॉर्ज या अर्थविचारकाचा जमीन-कराचा विचार त्यामागे होता.

ताई : आणि मग तो खेळ कोणी पारखला?

मी : अनोळखी लोकांनी. तीसेक वर्षं तो घराघरांत हाताने काढून खेळला गेला. कोणी कापडावर पट रंगवला, कोणी आपल्या गावातले रस्ते त्यावर लिहिले, कोणी नियम बदलले.

ताई : बघ. तीस वर्षं परक्या माणसांनी हाताळल्यावर तो खेळ इतका घट्ट झाला की जगभर गेला. आपल्याकडे 'व्यापार' म्हणून घरोघरी आला. माझ्या दुकानात दर मे महिन्यात अजून तो मागतात.

मी : पण गोष्ट पुरी कर ना, ताई. चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थाने तो घरगुती खेळ आपला म्हणून विकला आणि १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने घेतला. त्याच वर्षी कंपनीने मॅगींचं पुढचं पेटंट पाचशे डॉलरना विकत घेतलं. विक्रीतला वाटा नाही. आणि ज्या खेळातून मक्तेदारीचं दुःख दाखवायचं होतं, तोच खेळ दुसऱ्याला दिवाळखोर करण्याच्या आनंदावर खपला. बाजारात तो सोडला तेव्हा त्याचा अर्थच उलटा झाला. मला त्याची भीती वाटते. 'शेजपाळी'त लोकांना फक्त चोरीची मजा आली तर?

ताई काही वेळ गप्प होती. मग तिने मुखाच्या शेतकऱ्याची सोंगटी उचलून हातात फिरवली.

ताई : मजा येणारच. यायलाच हवी. आठवीतला मुलगा चोरी करेल, पकडला जाईल, पुढच्या डावाला शेपटाकडे बसेल आणि तेव्हा ओरडेल, 'माझं पाणी कुठंय?' तेवढं ओरडला की तुझं काम झालं. त्याआधी त्याला काही सांगायला जाऊ नकोस. आणि पेटीवर 'शैक्षणिक' लिहू नकोस, हात जोडते. मी सव्वीस वर्षं पाहते आहे. 'शैक्षणिक' लिहिलेली पेटी आई घेते, मूल घेत नाही. ती कपाटावर जाते आणि बदली झाली की रद्दीत.

मी : पाणीवापर संस्थांना देता येईल. २००५ चा कायदा आहे, सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा. दिंडोरीच्या वाघाड धरणावर सगळं पाणी शेतकऱ्यांच्या संस्था सांभाळतात. त्यांच्या बैठकीत हा पट मांडला तर?

ताई : मांड की. पण तिथेही खेळ म्हणूनच मांड.

यानंतर चोरीचा विषय निघाला, म्हणजे खेळाच्या कल्पनेच्या चोरीचा. मी परक्यांना खेळ दाखवताना दचकत होतो, हे ताईला ठाऊक होतं. माझ्या ओळखीच्या एकाने तर सल्ला दिला होता की चाचणीला येणाऱ्यांकडून कागदावर सही घ्यावी. मी थोडा कायदा वाचला. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(एम) स्पष्ट सांगतं की खेळ खेळण्याची पद्धत हा शोध मानला जाणार नाही. म्हणजे 'शेपटाकडून पाणी वाटायचं' या नियमावर मला मालकी सांगता येत नाही. नियमपुस्तिकेतली माझी वाक्यं, पटावरचं चित्र आणि नोंदवलं तर नाव, एवढंच माझं. एका अर्थी हे बरं वाटलं. लपवून काही राखता येत नसेल, तर लपवणं सोडून द्यावं आणि जास्तीत जास्त लोकांच्या हातात खेळ द्यावा. इथे ताईचं मत मी पूर्ण स्वीकारलं.

मी : पण परक्या माणसाच्या हातात द्यायची तर नियमपुस्तिका तशी हवी. त्या सहा डावांनी मला झोप लागू दिली नाही. कॉलेजातल्या चार मुलींना पेटी दिली, कोपऱ्यात बसलो आणि तोंड उघडायचं नाही असं ठरवलं. पुस्तिकेत मी लिहिलं होतं, 'खेळाडूने आपल्या पाळीला पाळी घ्यावी.' त्यांनी ते तीनदा वाचलं. एकीला वाटलं दोनदा खेळायचं. दुसरी म्हणाली, पाणी नको असेल तर पास म्हणायचं. वीस मिनिटं त्या त्या एका ओळीवर अडल्या होत्या आणि मला जीभ चावून बसावं लागलं.

ताई : एकच शब्द दोन अर्थांना.

मी : हो. मग शब्द वेगळे केले. 'पाळी' फक्त पाण्याची. माणसाने करायची ती 'खेळी'. चौघांची एकेक खेळी झाली की 'हंगाम'. सगळे हंगाम संपले की 'डाव'. पुस्तिकेत या चार शब्दांची अदलाबदल कुठेही होऊ द्यायची नाही. आणि 'खेळाडूने घ्यावे, ठेवावे' हे सगळं काढलं. 'पत्ता उलटा. मणी ठेवा.' सरळ सांगितलं. दोन पानं कमी झाली.

ताई : नावाचंही तसंच. तू आधी नुसतं 'पाळी' ठेवणार होतास. मी नको म्हटलं, कारण काउंटरवर बाईने ते मोठ्याने मागायचं म्हणजे तिला वेगळंच वाटलं असतं. आणि शहरातल्या किती जणांना पाण्याची पाळी ठाऊक आहे? 'शेजपाळी' कोणाला ठाऊक नाही, हे चांगलं आहे. नवा शब्द असला की माणूस विचारतो. विचारलं की मला बोलायला जागा मिळते.

मी : प्रेसवाला म्हणाला, इंग्रजी नाव ठेवा, मुंबईत खपेल.

ताई : मुंबईच्याच झैन मेमनने राजकारणावर बोर्ड गेम केला, त्याचं नाव 'शासन' ठेवलं आणि तो परदेशात गेला. नावाने अडत नाही. अडतं ते पेटीच्या मागच्या बाजूला. गिऱ्हाईक पेटी उचलतं, उलटी करतं आणि तीनच गोष्टी बघतं : किती जण, किती वय, किती वेळ. तू काय लिहिलंयस?

मी : दोन ते चार जण. वय ११ च्या पुढे. एक तास.

ताई : वयाचं नीट बघ. १४ वर्षांखालच्या मुलांचं खेळणं ठरलं की २०२१ पासून आयएसआय चिन्ह लागतं. चाचण्या, परवाना, सगळं आलं. ते करायचं की खेळ मोठ्यांचा ठेवायचा, हे आधी ठरव. आणि वेळ? वहीत काय लिहिलंय?

मी : सरासरी पंचाण्णव मिनिटं.

ताई : म्हणजे तू पेटीवर खोटं लिहिलंस.

ही गोष्ट मला लागली. मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. पहिल्या महिन्यात ठरवलेला आकडा तसाच राहिला होता. पण ताईच्या दृष्टीने पेटीची मागची बाजू म्हणजे तिने दिलेला शब्द. संध्याकाळी सातला पाहुणे जेवायला येणार असतील आणि साडेपाचला मांडलेला खेळ संपला नाही, तर ते घर पुन्हा तिच्या दुकानातून बोर्ड गेम घेत नाही.

ताई : आठ हंगामांचे सहा कर.

मी : आठच हवेत. उसाला तीन हंगाम लागतात. आठ असले तर माणूस एखादा हंगाम थांबून, पाऊस बघून ऊस लावू शकतो आणि तरी दोन तोडण्या मिळतात.

ताई : सहा केले तर?

मी : तर दोन तोडण्यांसाठी पहिल्याच हंगामात, पावसाचा अंदाज नसताना, लागण करावी लागेल.

बोलता बोलता मी थांबलो. वही काढली. ताईने शटरच्या खालून बाहेर पाहिलं, रस्ता रिकामा झाला होता, आणि आम्ही दोघांनी दोन-दोन शेतकरी घेऊन सहा हंगाम खेळले. बेचाळिसावा डाव. अठ्ठावन्न मिनिटं. पहिल्याच खेळीला ताईने ऊस लावला, दुसऱ्या हंगामाला दुष्काळाचा पत्ता निघाला, आणि तिची मुखाची सोंगटी आणि माझं शेपट यांच्यात जे झालं ते आठ हंगामांच्या कुठल्याही डावात झालं नव्हतं. विक्रीसाठी मागितलेली काटछाट खेळालाच लाभली. हे मी तिथेच कबूल केलं.

ताई : आता किंमत.

मी : शंभर प्रती डिजिटल छापल्या तर एक साडेसहाशेला पडते. हजार केल्या तर ऑफसेटवर तीनशेच्या आत.

ताई : आणि बोर्ड गेमच्या धंद्यातला ठोकताळा असा की छापील किंमत खर्चाच्या चार-पाचपट हवी. दुकानदाराचा वाटा, वाटपवाल्याचा वाटा, ने-आण, फुटतुटीच्या प्रती. शंभर केल्यास तर अडीच हजाराच्या पुढे जाशील. 'व्यापार'च्या शेजारी तेवढ्याची पेटी मी कशी ठेवू?

मी : आणि हजार केल्या तर तीन लाख आधी घालायचे. माझ्या ग्रॅच्युइटीतले. आणि एक नियम चुकला, तर हजार पेट्या चुकीच्या.

ताई : म्हणून आधी नोंदणी घे. आपल्याकडे मोठे ग्रंथ असेच निघाले ना? प्रकाशनपूर्व सवलत. लोकांनी आधी पैसे भरायचे, मग पुस्तक छापायचं. हल्ली परदेशातले कितीतरी बोर्ड गेम तसेच निघतात. दीडशे नोंदी आल्या की तीनशे प्रती काढ. मी इथे एक प्रत उघडी ठेवते, विकायची नाही, खेळायची. शनिवार-रविवार दोन स्टुलं टाकते. ज्याने खेळून पाहिलंय तोच एवढ्या किमतीची पेटी घेतो. जाहिरातीवर एक रुपया घालू नकोस.

मी : म्हणजे तुझी विक्री आणि माझी चाचणी एकाच स्टुलावर.

ताई : पण तू दुकानात यायचं नाहीस. तू असलास की समजावून सांगतोस.

हे मात्र मला अजून जड जातं. मला पाहायचं असतं, हात कुठे थबकतो, डोळे पुस्तिकेकडे केव्हा जातात, हरणारा खुर्चीत कधी मागे टेकतो. ताई म्हणते, मी लिहून ठेवीन. तिचं लिहिणं म्हणजे 'दोन मुलं, एक बाप, पाऊण तास, पुन्हा आले'. मला लागतं ते यात नाही. तिला लागतं ते सगळं आहे. यावर आमचा समेट झालेला नाही.

आणि मग मी ती गोष्ट काढली, जी तिला सांगायची राहिली होती.

मी : मागच्या आठवड्यात पांझरेकाठी जाऊन आलो. एका जुन्या पाटकऱ्याच्या ओसरीवर पट मांडला. ऐंशीच्या घरातले असतील. तीन नातवंडांबरोबर खेळले. चोरी एकदाही केली नाही, पण नातवाने केलेली तिन्ही वेळा आधीच ओळखली. डाव संपल्यावर पटाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "साहेब, समदं बरं हाय. पण गळती कुठंय?"

ताई : म्हणजे?

मी : बंधाऱ्यात दहा मणी पडले की माझ्या पटावर दहाच्या दहा शेतात पोचतात. खऱ्या पाटात कधीच पोचत नाहीत. मुरतं, फुटतं, गवतात अडतं. शेपटाला जायचं पाणी सगळ्यात जास्त वाटेत जातं. म्हणून पाट साफ करायला सगळ्यांनी हात लावायचा असतो, मुखाच्यानेही. तीस वर्षं मी गळतीची मोजमापं केली, ताई, आणि पटावर ती घालायची विसरलो.

ताई : आता नवा नियम नको. पुस्तिका दोन पानं कमी केलीस म्हणालास ना आत्ताच?

मी : हा नियम नसेल, तर त्या म्हाताऱ्यांसमोर पुन्हा पट मांडायला मला तोंड नाही.

ताई : आणि दिवाळीच्या आत पेटी नसेल, तर मला हे वर्ष गेलं.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ताईने पत्त्यांची थप्पी स्वतःकडे ओढली आणि एकेक पत्ता काचेवर लावायला सुरुवात केली. पाऊस, जागल्या, बाजार, सावकार.

ताई : एक आत येणार असेल, तर एक बाहेर जाईल. या चारांतलं कोण बघायचं?

मी : सावकार. त्याचे पत्ते फक्त हरत आलेला माणूस घेतो, आणि घेऊन जास्तच हरतो.

ताई : किती पत्ते?

मी : नऊ.

तिने ते नऊ पत्ते वेगळे काढून गल्ल्यात टाकले आणि गल्ला बंद केला. मी बंधाऱ्यात दहा मणी ठेवले, त्यातला एक उचलून पाटाच्या मध्यावर ठेवला, आणि तो तिथून परत मिळवायला चौघांना काय करावं लागेल, हे आम्ही पहिल्या हंगामापासून पाहायला लागलो. त्रेचाळिसावा डाव.